सज्ञान मुलांचे आईबाप

ज्या दिवशी मुलाला अठरा वर्षे पूर्ण होतात त्या दिवशी, 1875 सालच्या सज्ञानतेच्या कायद्याप्रमाणे, ते मूल सज्ञान ठरते. आणि त्याच दिवशी आईबापांचे त्याच्यावरील नैसर्गिक पालकत्व, कोणतीही नोटीस न येता आणि कोणत्याही कचेरीच्या दप्तरात नोंद न होता, संपुष्टात येते. बहुसंख्य घरांत ही घटना घडून गेल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही, कारण तेथील मुले त्यापूर्वीच हळूहळू आपापले निर्णय स्वतः घेऊ लागलेली असतात आणि कायदा केवळ झालेल्या गोष्टीवर शिक्कामोर्तब करतो. परंतु ज्या घरातील मुलाला बौद्धिक अक्षमता आहे, स्वमग्नता आहे, सेरेब्रल पाल्सी आहे किंवा एकाहून अधिक विकलांगता एकत्र आलेल्या आहेत, त्या घरात हा वाढदिवस वेगळ्या रीतीने साजरा होतो. बँक अज्ञान मुलाच्या नावाचे खाते थांबविते आणि खातेदाराची सही मागते; विशेष शाळा आपल्या पटावरून त्याचे नाव कमी करण्याची तयारी करते; इतकी वर्षे त्याच्या आकडीची आणि पोटाची नाडी ओळखणारे बालरोगतज्ज्ञ आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जावयास सुचवितात; आणि आई, जी त्याच्या जन्मापासून त्याच्या वतीने बोलत आली, तिला प्रथमच कोणीतरी टेबलापलीकडून विचारते की, आपण याच्या कोण, आणि त्याचा कागद काय?

या प्रकरणाचा विषय तो कागद मिळविण्याची रीत एवढाच नाही, जरी तीही पुढे सांगावी लागेल. माझे म्हणणे असे आहे की, बाल्यातून प्रौढत्वात जाणे हे अशा घरात एकट्या मुलाचे संक्रमण नसते, ते सबंध कुटुंबाचे असते. म्हणून आधारही मुलाइतकाच कुटुंबाला पाहिजे, आणि तो अठराव्या वर्षी नव्हे, तर चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून पाहिजे. अमेरिकेत विशेष शिक्षणाच्या कायद्यानेच मुलाच्या सोळाव्या वर्षापर्यंत त्याच्या पुढील आयुष्याचा लेखी आराखडा तयार करण्याचे बंधन शाळेवर घातले आहे. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. एकोणिसाव्या वर्षाच्या सकाळी त्या मुलाने कोठे जावे, हे ठरविण्याची जबाबदारी मात्र कोणावरच सोपविली नाही.

हा प्रश्न इतका उशिरा का उभा राहिला, हे समजून घेतले पाहिजे. डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुष्य पाश्चात्त्य देशांतसुद्धा 1929 च्या सुमारास नऊ वर्षांचे आणि 1949 मध्ये बारा वर्षांचे होते. 1983 पर्यंत ते पंचविसावर आले, आणि आज वैद्यकीय सोयी सहज मिळतात त्या देशांत ते साठीच्या घरात पोहोचले आहे. प्रतिजैविकांनी न्युमोनियाला आवरले, हृदयाची छिद्रे शस्त्रक्रियेने बुजविता येऊ लागली, आणि जी मुले पूर्वी आईबापांच्या डोळ्यांदेखत जात असत ती आता आईबापांच्या मागे राहू लागली. ‘आमच्या माघारी याचे कोण?’ हा प्रश्न, जो आज प्रत्येक पालकसभेत कोणी ना कोणी उठून विचारतोच, तो आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी फारच थोड्या घरांत विचारला गेला असेल. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लक्ष आणि महाराष्ट्रात सुमारे 29 लक्ष 63 हजार दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांपैकी बौद्धिक अक्षमता असलेल्या देशभरात 15 लक्षांवर होत्या. ही मुले प्रौढ होतील, वृद्धही होतील, हे गृहीत धरून व्यवस्था उभारण्याची सवय समाजाला अद्याप लागावयाची आहे.

महाराष्ट्रात ती सवय प्रथम आईबापांनीच लावून घेतली. मुंबईत 1944 साली वकील आडनावाच्या दांपत्याने आपल्या मुलीसाठी सुरू केलेली, पुढे ‘जय वकील’ या नावाने ओळखली जाणारी शाळा; 1972 मध्ये मिथू अलूर यांनी, त्यांच्या सेरेब्रल पाल्सी असलेल्या कन्येच्या शिक्षणाच्या तळमळीतून, उभी केलेली संस्था; 1977 मध्ये नाशिकला रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने सुरू केलेली प्रबोधिनी: या सर्वांचा उगम एकेका घरात आहे. त्यांचा इतिहास बारकाईने पाहिला तर एक क्रम स्पष्ट दिसतो: मुले लहान असताना शाळा निघते, ती मोठी झाली की शाळेला लागून कर्मशाळा उभी राहते, आणि पालकांचे केस पांढरे होऊ लागले की निवासाची निकड भासते. बदलापूरची ‘आधार’ आणि डोंबिवलीजवळच्या खोणी गावातील ‘घरकुल’ ही पालकांच्या संघटनांनी उभारलेली प्रौढांची निवासस्थाने या शेवटच्या टप्प्यातली आहेत. अशा संस्थांना मी मोठे मानतो; तथापि त्यांची संख्या गरजेच्या मानाने इतकी थोडी आहे की, लातूर, गडचिरोली किंवा सावंतवाडी येथील एखाद्या आईने त्यांच्यावर भिस्त ठेवून स्वस्थ बसावे, असे कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही. तिची तयारी तिच्या घरातच सुरू झाली पाहिजे.

ती तयारी सुरू होते शरीरापासून. बुद्धीची वाढ मंद असली तरी देहाची वाढ आपल्या वेळी होते, मुलाला मिसरूड फुटते, मुलीला पाळी येते, आणि ज्या कुटुंबाने त्याला आजवर लहान बाळ म्हणूनच वाढविले ते या बदलापुढे गोंधळून जाते. येथे मौन हे सर्वांत घातक. मुलीची पाळी सुरू होण्यापूर्वी काही महिने तिला आईने किंवा मोठ्या बहिणीने पॅड कसे लावावयाचे, कोठे टाकावयाचे, हे रोजच्या शिस्तीने दाखविले, तर पहिल्या दिवशीची तिची भीती निम्मी होते. मुलाला आपल्या देहाचे कोणते व्यवहार बंद दाराआड करावयाचे आणि कोणते चारचौघांत चालतात हे न रागावता, पुनःपुन्हा, त्याच शब्दांत सांगितले, तर पुढचे अनेक अपमान टळतात. आणि आपल्या अंगाला कोणी कोठे हात लावला तर ‘नको’ म्हणावयाचे व घरी सांगावयाचे, हे दोघांनाही शिकविले पाहिजे. आजवर आंघोळ घालणाऱ्या, कपडे घालणाऱ्या प्रत्येक हाताला बिनतक्रार शरण जाण्याची सवय त्यांना आपणच लावलेली असते, आणि दुष्ट माणसाला नेमकी हीच सवय उपयोगी पडते.

या बाबतीत आपल्या राज्याचा इतिहास विसरण्याजोगा नाही. 1994 साली शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये, त्यांची पाळीची स्वच्छता राखणे कठीण जाते या कारणास्तव, काढून टाकण्यात आली. महिला संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठविला तेव्हा तो प्रकार देशभर चर्चिला गेला. शस्त्रक्रिया करविणाऱ्यांनी हेतू चांगलाच सांगितला होता, आणि त्या मुलींना कोणी काही विचारले नव्हते. त्यानंतर पंधरा वर्षांनी, 2009 मध्ये, चंदीगडच्या एका शासकीय संस्थेत अत्याचारातून गर्भवती राहिलेल्या, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणीने मूल हवे असे सांगितले असता, सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा गर्भपाताचा आदेश रद्द ठरवून, ती सज्ञान आहे व तिच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. शिरूर ते चंदीगड हे अंतर म्हणजे, दुसऱ्याच्या देहाविषयी आपण त्याच्या वतीने काय ठरवू शकतो, याविषयीच्या आपल्या समजुतीत पडलेले अंतर आहे. आणि प्रत्येक कुटुंबाला ते आपल्या घरात नव्याने चालावे लागते.

निर्णय घेता येणे ही एक विद्या आहे, आणि ती कोणालाही अठराव्या वाढदिवशी एकाएकी येत नाही. सामान्य मूल हजारो लहानसहान निवडी करून, चुकून, पैसे हरवून, मित्राशी भांडून ती संपादन करते. दिव्यांग मुलाला मात्र आपण प्रेमापोटी या सर्व चुकांपासून वाचवितो, त्याचा सदरा आपण निवडतो, त्याच्या ताटात काय वाढावयाचे ते आपण ठरवितो, पाहुण्याने त्याला नाव विचारले तर उत्तर आपण देतो, आणि मग अठरा वर्षांनंतर, त्याला काहीच ठरविता येत नाही असा दाखला त्याच्या नावावर लिहून मागतो. म्हणून चौदाव्या वर्षापासून रोज एक तरी निर्णय त्याच्या हाती सोपविण्याचा नेम घरात असावा. दोन सदऱ्यांतून एक. पोहे की उपमा. बाजारात दहा रुपयांची नोट त्यानेच द्यावयाची आणि सुटे पैसे त्यानेच घ्यावयाचे. दवाखान्यात डॉक्टरांनी प्रथम त्याच्याकडे पाहून विचारावयाचे आणि त्याला वेळ लागला तर आईने थांबावयाचे. बोलता न येणाऱ्या मुलालाही चित्रांवर बोट ठेवून, डोळ्यांनी खूण करून निवड सांगता येते. हे थांबणे आईला फार जड जाते, याची मला जाणीव आहे. पंधरा-सोळा वर्षे जिने त्याच्या प्रत्येक हुंकाराचा अर्थ लावला तिला गप्प बसावयास सांगणे ही क्रूरता वाटते. परंतु तिच्यानंतर येणारा कोणीही तो हुंकार ओळखणार नाही, आणि म्हणून ती हयात असतानाच मुलाने आपली इच्छा परक्याला कळेल अशा रीतीने सांगावयास शिकले पाहिजे.

आता कायद्याकडे वळू. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी 1999 साली राष्ट्रीय न्यास अधिनियम झाला, आणि त्यान्वये अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीला मिळाला. या समितीत जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला शासकीय अधिकारी, न्यासाकडे नोंदविलेल्या संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजविण्याच्या मानाने ही वाट पुष्कळच सुलभ आहे, आणि समितीने दिलेला पालकत्वाचा दाखला ग्राह्य धरण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेने 2007 मध्येच बँकांना दिल्या आहेत. एखाद्या शाखेतील अधिकाऱ्याला त्या ठाऊक नसतील तर पालकांनी त्या नम्रपणे, पण ठामपणे, निदर्शनास आणाव्यात. पालक म्हणून नेमणूक झालेल्या व्यक्तीने सहा महिन्यांच्या आत पाल्याच्या मिळकतीची यादी सादर करावयाची असते, दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावयाचा असतो, आणि पाल्याची हेळसांड किंवा मालमत्तेची अफरातफर सिद्ध झाल्यास त्याला दूर करण्याची तरतूदही कायद्यात आहे.

या कायद्याच्या चौदाव्या कलमात एक वाक्य आहे, ज्याकडे पालकांचे आणि कचेऱ्यांचे फार दुर्लक्ष होते. समितीने अर्जाचा विचार करताना, त्या व्यक्तीला पालकाची गरज मुळात आहे काय, आणि असल्यास कोणत्या प्रयोजनांसाठी आहे, हे पाहावे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे पालकत्व हा सरसकट ताबा नव्हे. एखाद्या तरुणीला बँकेचा व्यवहार झेपत नसेल पण कोठे राहावे, कोणाशी मैत्री करावी, कोणते काम करावे हे नीट सांगता येत असेल, तर अर्जात केवळ मालमत्तेच्या व्यवस्थेपुरतेच पालकत्व मागावे. भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली, त्याचे बारावे कलम प्रत्येक दिव्यांग व्यक्तीची कायदेशीर क्षमता इतरांच्या बरोबरीने मानते; आणि 2016 च्या अधिनियमाने ‘मर्यादित पालकत्वा’ची जी कल्पना आणली तिच्यात पालक व पाल्य यांनी परस्परविश्वासाने, ठरावीक मुदतीपुरता, ठरावीक निर्णय एकत्र घ्यावा आणि तो पाल्याच्या इच्छेनुरूप असावा, असे अभिप्रेत आहे. दोन कायद्यांची भाषा पूर्णपणे जुळत नाही हे खरे. तरी पालकाने दुसऱ्या कायद्याची दृष्टी ठेवून पहिल्या कायद्याचा अर्ज भरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैशाच्या तजविजीत होणाऱ्या चुका बहुतेक सद्भावनेतून होतात. घर किंवा ठेव थेट मुलाच्या नावे केली की तो सुरक्षित झाला, असे बापाला वाटते. प्रत्यक्षात पुढे ती मिळकत विकावयाची किंवा भाड्याने द्यावयाची वेळ आली की प्रत्येक सही अडते आणि कोणीतरी भामटा नेमक्या त्याच सहीवर टपून बसतो. खात्यावर भावाचे नामनिर्देशन केले म्हणजे वारसा ठरला, हाही गैरसमजच. नामनिर्देशित व्यक्ती पैसा स्वीकारते, त्याची मालक होतेच असे नाही. त्यापेक्षा मृत्युपत्र करून, 1882 च्या न्यास कायद्याखाली खासगी विश्वस्त निधी स्थापावा, त्यात निदान दोन विश्वस्त भिन्न पिढ्यांतले ठेवावेत, आणि विश्वस्त व पालक या दोन जबाबदाऱ्या शक्यतो वेगळ्या व्यक्तींकडे द्याव्यात, म्हणजे सांभाळ करणाऱ्याला खर्चाचा जाब विचारणारा कोणीतरी राहतो. सरकारी नोकरांच्या घरी एक गोष्ट हटकून तपासावी: कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकते, आणि केंद्र सरकारने 2021 मध्ये उत्पन्नाची अट सैल करून ती मृत कर्मचाऱ्याच्या अखेरच्या वेतनाच्या 30 टक्के व त्यावरील महागाई भत्ता इतकी केली, परंतु अपत्याचे नाव व वैद्यकीय दाखला निवृत्तिवेतनाच्या कागदांत आईबापांच्या हयातीतच नोंदवून ठेवला नाही, तर मागे राहिलेल्याला कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात.

आयकर कायद्याच्या 80डीडी कलमाची कथाही येथे सांगण्यासारखी आहे. दिव्यांग अपत्यासाठी घेतलेल्या विम्याचे वर्षासन पालकाच्या मृत्यूनंतरच मिळेल, अशी त्यात अट होती. म्हणजे मुलगा पन्नाशीला आला, बाप ऐंशीचा झाला, तरी बाप जिवंत आहे म्हणून मुलाला रक्कम नाही. एका अर्जदाराने ही अट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली. 2019 मध्ये न्यायालयाने अट रद्द केली नाही, पण सरकारने तिचा फेरविचार करावा असे सुचविले, आणि 2022 च्या वित्त अधिनियमाने पालकाने साठी गाठल्यावर, हप्ते भरणे थांबले असल्यास, हयातीतच वर्षासन सुरू करण्याची मुभा दिली. एका माणसाच्या चिकाटीचे फळ हजारो घरांना मिळाले, हे पालकांनी विसरू नये.

पैसा आणि कागद यांची व्यवस्था झाली तरी दिवसाचे चोवीस तास उरतातच. शाळा सुटल्यानंतर जो तरुण घरी बसतो, त्याची कष्टाने शिकलेली कौशल्ये सरावाअभावी एकेक करून विरतात, चिडचिड वाढते, वजन वाढते, आणि घरातील बाईचा दिवस त्याच्याभोवती बांधला जातो. कर्मशाळेत पणत्या रंगविणे, लिफाफे चिकटविणे, मसाले पाकिटांत भरणे, राख्या करणे अशी कामे चालतात. मिळणारा मोबदला बहुधा अल्प असतो, तरी सकाळी डबा घेऊन बाहेर पडणे आणि संध्याकाळी थकून परतणे, यात प्रौढ माणसाची प्रतिष्ठा आहे. खुल्या नोकरीचा मार्गही बंद मानू नये. सरकारी सेवेतील 4 टक्के राखीव जागांपैकी 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे, आणि हॉटेलात, कपड्यांच्या दुकानात, छापखान्यात एखाद्या सहकाऱ्याने प्रारंभीचे काही महिने शेजारी उभे राहून काम शिकविले तर अनेक तरुण ते वर्षानुवर्षे चोख करतात.

आरोग्याविषयी थोडक्यात: बालरोगतज्ज्ञाकडून निघताना सर्व औषधांची, आकडीच्या इतिहासाची व शस्त्रक्रियांची लेखी नोंद मागून घ्यावी, डाऊन सिंड्रोम असलेल्यांचे थायरॉइड दरवर्षी तपासावे आणि चाळिशीनंतर विस्मरणाची लक्षणे पाहावीत, आणि पंचेचाळीस-पन्नास किलोच्या मुलाला अजूनही उचलणाऱ्या आईच्या पाठीची चिंता कोणीतरी करावी.

भावंडांशी बोलण्याचे टाळले जाते. ‘तूच आता त्याला सांभाळायचं’ हे वाक्य बहिणीने किंवा भावाने लहानपणापासून ऐकलेले असते, कधी शब्दांत, अधिक वेळा शब्दांवाचून. त्या भावंडाचे लग्न, बदली, परदेशातील नोकरी या सर्वांवर त्या वाक्याची सावली पडते. पुण्याचा मुलगा न्यू जर्सीत आणि त्याची दिव्यांग बहीण सत्तरीच्या आईबापांजवळ, अशी घरे आता विरळ राहिली नाहीत. भावंडांना त्यांच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास समोर बसवून, तुम्ही काय करू शकता आणि काय करू शकणार नाही, असे सरळ विचारावे. ‘दरमहा पैसे देईन, रोजचा सांभाळ जमणार नाही’ हे उत्तर प्रामाणिक आहे, आणि त्याभोवती योजना आखता येते.

ज्यांना आईबापच नाहीत त्यांचे काय होते, हे पाहिले की या विषयाची खरी खोली कळते. बालगृहात अठरा वर्षांपर्यंतच ठेवता येते, असा कायदा. त्यानंतर अनाथ, मतिमंद तरुण कोठे जातो याचा माग कोणी ठेवीत नाही. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अशा शंभरावर मुलांना आपले आडनाव दिले, अठरा वर्षांनंतरही त्यांना आपल्याजवळ ठेवले, त्यांतील अनेकांची लग्ने लावून दिली, आणि या मुलांना आजन्म राहता यावे असा कायदा करा, ही एकच मागणी ते वर्षानुवर्षे करीत आले. त्यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. तो कायदा अद्याप व्हावयाचा आहे.

हे वाचणाऱ्या पालकाला माझी एक विनंती आहे. एक जाड वही घ्यावी आणि तिच्यात आपल्या मुलाविषयी, आपल्याशिवाय कोणाला ठाऊक नाही ते सर्व लिहून ठेवावे: तो घाबरला की काय करतो, कोणत्या गाण्याने शांत होतो, कोणते औषध कशात मिसळून घेतो, पोट दुखत असल्याचे कोणत्या खुणेने सांगतो, कोणाच्या घरी जावयास त्याला आवडते आणि कोणाच्या घरी नाही. त्या वहीची एक प्रत विश्वस्ताकडे आणि एक भावंडाकडे द्यावी, आणि दरवर्षी ती त्याच्यासोबत बसून सुधारावी. आणि ज्यांच्या घरी असे मूल नाही, पण शेजारी, नात्यात किंवा कचेरीतील सहकाऱ्याकडे आहे, त्यांनी त्या आईबापांना दर आठवड्याचे दोन तास मोकळे करून द्यावेत, मुलाशी त्याच्या वयाला शोभेल असे बोलावे, आणि पालकत्वाच्या अर्जावर किंवा विश्वस्त निधीच्या दस्तावर दुसरे नाव कोणाचे घालावे हा प्रश्न त्या घरात निघाला, तर आपले नाव घालण्यास संमती द्यावी.